कोर्टात एकट्याने उभे राहणाऱ्यांचे काय?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात आमची एका मावशींशी गाठ पडली. वय पंचावन्न-साठीचे, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घालून घालून फाटायला आलेली एफआयआरची प्रत. त्यांच्या मुलाला गावातल्या चौघांनी जातीवरून शिवीगाळ करून मारले होते. मुलगा दवाखान्यात, म्हणून फिर्याद मावशींनीच दिलेली. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला, अटक झाली आणि काही दिवसांतच आरोपींचा जामिनाचा अर्ज आला. आदल्या संध्याकाळी पोलीस ठाण्यातून निरोप आला, "उद्या कोर्टात या." कोणत्या कोर्टात, कशासाठी, हे काही नाही. पहाटेची एसटी धरून मावशी आल्या. पुकारा झाला. न्यायाधीशांनी विचारले, "फिर्यादीचे म्हणणे काय?" मावशींनी सरकारी वकिलाकडे पाहिले. सरकारी वकील म्हणाले, "हरकत आहे." झाले! दुपारी जामीन मंजूर झाला.

आम्ही विचारले, "मावशी, तुम्हाला काही बोलायचे होते का?"

त्या म्हणाल्या, "बोलायचं तर लई होतं. पर मला बोलता येतंय हेच कुणी सांगितलं न्हाई."

या एका वाक्याने आम्हाला हा लेख लिहायला बसवले. कारण मावशींना नुसते बोलता येत होते असे नव्हे, तो त्यांचा कायद्याने दिलेला हक्क होता. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून कलम १५-अ लागू झाले. हे कलम सांगते की, जामिनाच्या सुनावणीसह खटल्यातील प्रत्येक कामकाजाची योग्य, अचूक व वेळेवर सूचना पीडिताला मिळाली पाहिजे. जामीन, दोषमुक्ती, पॅरोल, शिक्षा अशा प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपले म्हणणे मांडता येते व ते लेखीही देता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळाली पाहिजे. सामाजिक कार्यकर्त्याची वा वकिलाची मदत घेता येते. आणि ही काही कागदावरची शोभा नाही. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हरिराम भांभी खटल्यात स्पष्ट केले की, ही सूचना देणे आणि पीडिताचे ऐकून घेणे बंधनकारक आहे. ते न करता राजस्थानात दिला गेलेला जामीन न्यायालयाने रद्द केला.

मग आदल्या संध्याकाळचा तोंडी निरोप ही 'योग्य, अचूक व वेळेवर सूचना' झाली काय? आणि समजा ती मिळाली, तरी "तुम्ही स्वतः बोलू शकता, असे असे लिहून आणा," हे त्या बाईला सांगण्याची जबाबदारी कोणाची? सरकारी वकील शासनाचा. आरोपीचा वकील आरोपीचा. व्हरांड्यातल्या बाईचे कोण?

स्वतःची बाजू स्वतः मांडणारा म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट माणूस येतो. काखेत फायलींचा गठ्ठा, वीस वर्षे एकाच बांधासाठी भांडणारा, कोर्टकज्जाची चटक लागलेला. अशी माणसे असतात, आम्हीही पाहिली आहेत. परंतु न्यायालयात एकट्याने उभे राहणारे बहुसंख्य लोक हौसेने उभे नसतात. वकिलाची फी परवडत नाही म्हणून उभे असतात. किंवा तालुक्याच्या गावी जे चार नावाजलेले वकील आहेत, ते विरुद्ध बाजूच्या पाटलाचे पिढीजात वकील असतात. किंवा एकदा वकील दिला, तो पैसे घेऊन तारखेला आलाच नाही, म्हणून विश्वास उडालेला असतो. बार रूममध्ये दोन्ही वकील एका बाकावर चहा पितात यात गैर काही नाही. पण बाहेर उभ्या असलेल्या आमच्या माणसाला ते पाहून काय वाटते, हे बार रूमला कधी कळत नाही.

आणि काही ठिकाणी तर कायद्यानेच माणसाला एकटे उभे केले आहे. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ चे कलम १३ पाहा. कुटुंब न्यायालयात पक्षकाराला हक्क म्हणून वकील देता येत नाही, न्यायालयाने परवानगी दिली तरच. हेतू चांगला होता. नवराबायकोच्या भांडणात वकिली डावपेच नकोत, दोघांनी सरळ बोलावे. पण पोटगी मागणाऱ्या, चौथी शिकलेल्या बाईला 'सरळ बोला' म्हणून सोडून दिले, तर समोरचा पगारदार नवरा इंग्रजीत टाईप केलेले उत्तर आणतोच. वकील काढून घेतला. त्याच्या जागी काय दिले? न्यायालयाला न्यायमित्र नेमता येतो, असे तेच कलम म्हणते. तो नेमून मागता येतो हे किती बायकांना ठाऊक आहे?

आता वरच्या न्यायालयांकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे ज्याला स्वतः युक्तिवाद करायचा आहे, त्याने आधी अर्ज द्यायचा. वकील का देऊ शकत नाही, न्यायालयाने वकील दिला तर चालेल काय, हे सांगायचे. मग निबंधक त्याच्याशी बोलून मत देतात की, हा माणूस न्यायालयाला आवश्यक ती मदत करू शकेल की नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०१५ मध्ये असेच नियम केले. दोन अधिकाऱ्यांची समिती पक्षकाराची भेट घेते, त्याची कुवत तपासते, सभ्य भाषा वापरण्याची हमी लिहून घेते. कुवत नाही असे ठरले तर त्याला विधी सेवा समितीकडे पाठवले जाते.

न्यायालयांची अडचण आम्हाला मान्य आहे. बोर्डावर शंभर प्रकरणे असताना एखादा माणूस तासभर स्वतःच्या दुःखाची कथा सांगू लागला, न्यायाधीशांवरच आरोप करू लागला, तर बाकी नव्याण्णव जणांचे काय? शिस्त हवीच. पण आमचा प्रश्न साधा आहे. परीक्षा ठेवली, ठीक. मग शाळा कोठे आहे? अर्ज कसा लिहायचा, प्रतिज्ञापत्रात काय येते, कोणता कागद पुरावा होतो आणि कोणता होत नाही, हे शिकवणारी एकही खिडकी न उघडता कुवत तपासणारी समिती तेवढी नेमली. ज्यांना पिढ्यानपिढ्या शाळेच्या बाहेर बसवले, त्यांना थेट परीक्षेला बसवण्याची ही रीत आपल्या देशात नवी नाही.

याच देशात एक काळ असा होता की, सर्वोच्च न्यायालय साध्या पत्राला याचिका मानत होते. तिहार तुरुंगातील सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याला झालेल्या मारहाणीबद्दल पत्र लिहिले आणि १९७९-८० साली त्यावरून तुरुंगातील छळाविरुद्धचा मोठा निकाल झाला. ज्या ३२ व्या कलमाला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले, ते कलम तेव्हा एका कैद्याच्या पत्रापर्यंत पोहोचले होते. पत्राला पक्की बांधणी नव्हती, परिच्छेदांना क्रमांक नव्हते. न्यायालयाने मजकूर पाहिला.

बाबासाहेबांचे नाव निघाले म्हणून आठवण करून देतो. चवदार तळ्याचा खटला आपण सत्याग्रहाच्या अंगाने सांगतो, कोर्टाच्या अंगाने क्वचित सांगतो. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या स्पृश्यांनी दावा लावला, त्यात पहिले प्रतिवादी स्वतः बाबासाहेब होते. दोनच दिवसांत मनाई हुकूम आला. २५ डिसेंबरच्या परिषदेत हजारो लोक तळ्यावर जायला तयार असताना बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही. लढाई कोर्टात नेली. महाडचा निकाल १९३१ मध्ये, ठाण्याचे अपील १९३३ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी. तिन्ही ठिकाणी विजय, पण जवळजवळ दहा वर्षे तारखा! त्या दाव्यात बाबासाहेबांच्या बरोबरीने साधी माणसेही प्रतिवादी होती. त्यांच्या सोबतीला बॅरिस्टर प्रतिवादी होता. आज ज्या माणसावर गावकी दावा लावते, बहिष्कार टाकते, त्याच्या शेजारी कोण उभे असते?

ज्या इंग्लंडात बाबासाहेब ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, तेथल्या न्यायालयात या 'शेजारी उभे असण्या'ला एक नाव आहे. १९७० साली मॅकेन्झी नावाच्या, जमैकातून आलेल्या माणसाचा घटस्फोटाचा खटला चालू होता. सरकारी विधी साहाय्य मध्येच बंद झाले. एक तरुण ऑस्ट्रेलियन बॅरिस्टर त्याच्या शेजारी बसून त्याला हळू आवाजात सुचवू लागला, टिपणे काढून देऊ लागला. न्यायाधीशांनी त्याला उठवले. अपील न्यायालयाने म्हटले, हे चुकले. स्वतः बाजू मांडणाऱ्याला असा सोबती घेता येतो. आणि खटला पुन्हा चालवायला लावला. तेव्हापासून तेथे अशा सोबत्याला 'मॅकेन्झी फ्रेंड' म्हणतात. पुढे २०१२ च्या कायद्याने तेथील सरकारने विधी साहाय्यावर कुऱ्हाड चालवली. एप्रिल २०१३ पासून बहुतेक कौटुंबिक वादांत सरकारी खर्चाने वकील मिळेनासा झाला आणि कुटुंब न्यायालये बिनवकिलाच्या माणसांनी भरली. मग २०१४ मध्ये त्याच सरकारला त्यांच्यासाठी मदतीची योजना आखावी लागली आणि कोर्टाच्या इमारतीत सोबत करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना पैसे द्यावे लागले. एका हाताने काढले, दुसऱ्या हाताने त्यातले थोडे परत दिले. इंग्लंडचे कौतुक करण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. वकील नसलेल्या माणसाला मदत देणे ही सरकारची जबाबदारी आहे, एवढे तेथे निदान मान्य झाले, हे सांगायचे आहे.

आणि आपल्याकडे? वाचकांना आश्चर्य वाटेल, पण आपल्याकडे तो सोबती १९९५ पासून लिहून ठेवलेला आहे. अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ चा नियम ११ उघडून पाहा. पीडिताला, त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना व साक्षीदारांना तपासासाठी व खटल्यासाठी येण्याजाण्याचा प्रवास खर्च आणि दैनिक भत्ता द्यायचा. आणि स्त्री असेल, अल्पवयीन असेल, साठीच्या पुढचा असेल वा अपंग असेल, तर आपल्या पसंतीचा एक सोबती बरोबर आणता येतो व त्या सोबत्याचाही खर्च शासनाने द्यायचा. आमच्या मावशी त्या दिवशी एकट्या आल्या, अर्ध्या तिकिटात. सोबत आणता येते हे माहीत नाही, भत्ता मिळतो हे माहीत नाही. भत्त्याचा अर्ज कोणाकडे करायचा, हे आम्ही त्या इमारतीत तिघांना विचारले. तिघांनी तीन टेबले दाखवली.

विधी सेवा प्राधिकरणाबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या समाजात याबाबत फार मोठा गैरसमज आहे. संविधानात १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ३९-अ कलम आले. मोफत विधी साहाय्य देणे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही. पुन्हा सांगतो, उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांनाही नाही. तरीही तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून आपल्या माणसाला परत पाठवल्याच्या तक्रारी आमच्या कानावर येतात. जातीचा दाखला दाखवा आणि कलम १२ तोंडावर सांगा.

पण याहून महत्त्वाची गोष्ट याच कायद्याच्या व्याख्येत दडलेली आहे. 'विधी सेवा' म्हणजे केवळ वकील देणे नव्हे. खटला चालवण्यासाठी लागणारी कोणतीही सेवा आणि कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणे, हे दोन्ही त्यात येते. कोर्ट फी भरणे, अर्ज व कैफियत लिहून देणे, कागदपत्रांचे भाषांतर, प्रमाणित नकला मिळवून देणे हे सारे या सेवेत धरलेले आहे. म्हणजे ज्याला स्वतः बोलायचे आहे त्याला, "मला वकील नको, पण माझे म्हणणे नीट लिहून द्या, या इंग्रजी कागदाचे मराठी करून द्या," असे मागण्याची जागा कायद्यात आहे. प्रत्यक्षात खिडकीवर एकच प्रश्न विचारला जातो, "वकील हवा का?" हो म्हटले तर पॅनेलवरचा एक वकील मिळतो, वकीलपत्रावर सही घेतली जाते आणि माणूस पुन्हा व्हरांड्यात जाऊन उभा राहतो. नाही म्हटले तर खिडकी बंद! पॅनेलवर तळमळीने काम करणारे वकील आम्ही पाहिले आहेत, त्यांना कमी लेखायचे नाही. परंतु त्यांना मिळणारे मानधन आणि त्यांच्या डोक्यावरचा कामाचा भार पाहता, पक्षकाराला बसवून समजावून सांगायला त्यांना वेळ कोठून येणार?

भाषेचा घोळ वेगळाच. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. तरी तिथले कितीतरी कागद आजही इंग्रजीत निघतात. आणि उच्च न्यायालयात तर अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीच. मावशींना विशेष न्यायालयाच्या जामिनाच्या आदेशाविरुद्ध कलम १४-अ खाली ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता आले असते. पण म्हणजे आदेशाची नक्कल काढा, इंग्रजीत अपील लिहा, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, जे जवळ पडेल ते गाठा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता मराठीत भाषांतर होऊन मिळू लागले आहेत, हे चांगलेच झाले. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले, कोर्टाकोर्टांत ई-सेवा केंद्रे निघाली. तारीख मोबाईलवर कळते, हेही खरे. पण त्या तारखेला जाऊन काय बोलायचे, हे यंत्र सांगत नाही. ७,२१० कोटींच्या शेजारी प्रत्येक जिल्हा न्यायालयात एक टेबल, एक मराठी लिहिणारा माणूस आणि छापील मराठी नमुना अर्जांचा एक गठ्ठा, एवढे शासनाला जड आहे काय?

शासनाला चार शब्द सुनावल्यावर स्वतःच्या घरातही पाहिले पाहिजे. अत्याचाराची घटना घडली की आपण मोर्चा काढतो. पोलीस ठाण्यासमोर ठिय्या देतो, गुन्हा नोंदवून घेतो, निवेदनाचा फोटो पेपरात येतो. हे सारे आवश्यकच आहे; त्याशिवाय कित्येक गुन्हे नोंदलेच गेले नसते. पण पुढे? दोन वर्षांनी फिर्यादीची साक्ष निघते, त्या दिवशी कोर्टात चळवळीचा एक तरी माणूस असतो काय? उलटतपासणीत ती बाई गोंधळते, साक्षीदार फुटतात, आरोपी सुटतात आणि मग आपण न्यायव्यवस्थेला शिव्या देतो. मोर्चाला पाचशे आणि साक्षीला शून्य, हा आमच्या जिल्ह्यातला अनुभव आहे. इतर जिल्ह्यांतल्या वाचकांनी आपापला हिशेब करावा.

आपल्या वस्त्यावस्त्यांतून आज एलएलबी झालेली मुले-मुली आहेत. सगळ्यांची वकिली चालतेच असे नाही. त्यातल्या दोघातिघांनी आठवड्यातून एक दिवस बुद्धविहारात टेबल मांडावे. वकीलपत्र घेण्यासाठी नव्हे; आलेल्या माणसाचा कागद वाचून दाखवण्यासाठी, त्याचे म्हणणे त्याच्याच भाषेत लिहून देण्यासाठी, तारखेला सोबत जाण्यासाठी. ज्यांच्याकडे सनद नाही त्यांनीही मागे राहू नये. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चे कलम ३२ न्यायालयाला अधिकार देते की, वकील नसलेल्या व्यक्तीलाही एखाद्या प्रकरणात बाजू मांडू द्यावी. १९७८ मध्ये हरिशंकर रस्तोगी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की हा हक्क नव्हे, परवानगीचा प्रश्न आहे. तेव्हा परवानगी रीतसर मागावी. नाकारली तरी शेजारी बसून टिपण घेण्याची विनंती करावी. आणि जिल्हा दक्षता व सनियंत्रण समितीवर आपले जे सदस्य आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत एकच माहिती मागावी. नियम ११ खाली या वर्षी किती जणांना प्रवास भत्ता दिला आणि किती बायकांच्या सोबत्यांना दिला?

गंभीर फौजदारी खटल्यात वा जमिनीच्या किचकट दाव्यात स्वतःच वकील होण्याचे धाडस कोणी करू नये, हेही येथेच सांगून ठेवतो. तेथे चांगला वकील मागा. अत्याचाराच्या खटल्यात पीडिताची इच्छा असेल तर नामवंत वरिष्ठ वकील देण्याचा अधिकार नियम ४(५) खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आहे, तसा लेखी अर्ज करा. वकील मिळाला तरी आपल्या फाईलची एक प्रत आपल्या घरी असलीच पाहिजे.

मावशींचे पुढे काय झाले? जामीन देताना न्यायालयाने आरोपींना गावात यायला बंदी घातली होती. दोन महिन्यांनी ती अट काढून टाका म्हणून आरोपींनी अर्ज केला; शेतीची कामे खोळंबली होती म्हणे. या वेळी तारीख आम्ही आधीच पाहून ठेवली होती. विहारात बसून मावशी सांगत गेल्या आणि एका विद्यार्थिनीने लिहून घेतले. दीड पान झाले. आरोपीचे घर त्यांच्या घरापासून किती पावलांवर आहे, पाण्याचा हातपंप कोणाच्या दारात आहे, मुलगा कॉलेजला कोणत्या रस्त्याने जातो, घटना घडल्यावर रात्री दारावर दगड किती वाजता आले. कायद्याचे कलम एकच, शेवटच्या ओळीत, १५-अ. ती मुलगी सोबती म्हणून बरोबर गेली. न्यायाधीशांनी दीड पान वाचले, मावशींना दोन प्रश्न विचारले, एक हातपंपाबद्दल, एक मुलाच्या कॉलेजबद्दल. त्यांनी उत्तरे दिली. अट पूर्ण निघाली नाही. शेतावर दिवसा यायला परवानगी मिळाली, वस्तीकडे फिरकायचे नाही, आणि मावशींची साक्ष होईपर्यंत हे असेच राहील.

मावशींनी त्या दिवसाच्या रोजनाम्याची नक्कल मागितली. चार दिवसांनी ती मिळाली. 'फिर्यादी हजर, लेखी म्हणणे दाखल,' असे त्यात आहे. एफआयआरच्या प्रतीबरोबर ती आता त्याच पिशवीत आहे. प्रवास भत्त्याचा अर्ज दिला आहे, त्याचे उत्तर अजून आलेले नाही. साक्षीची तारीख लागायची आहे.